२४ चॅनेलचा हातोडावाला रिफ्रॅक्शन सेट: बाडमेरच्या वाळूत ७ महिने वापरल्यावर

ऑक्टोबर ते एप्रिल अख्खा फील्ड सीझन हा सेट वापरलाय, आता बोलायला हरकत नाही. रिफ्रॅक्शन म्हणजे हातोडा मारून जमिनीत लहर सोडायची, ती खालच्या घट्ट थरातून वळून परत वर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. काम म्हणजे तेलाच्या सर्व्हेसाठी वरचा भुसभुशीत थर किती जाड आहे आणि त्यातून लहर किती वेगाने जाते ते मोजायचं. १० मीटर वाळूत सेकंदाला ५०० मीटर वेग धरला तर २० मिलिसेकंद जातात, तेवढंच अंतर २००० वेगाच्या घट्ट थरात फक्त ५ मध्ये. हा १५ चा फरक स्टॅटिक करेक्शनमध्ये (वरच्या थराने लावलेला उशीर वजा करणं) काढला नाही तर वाळूच्या टिब्ब्याखाली सेक्शनमध्ये, म्हणजे सर्व्हेतून निघणाऱ्या थरांच्या चित्रात, खोलगट भाग दिसतो जो खरा नसतोच, आणि खऱ्या उंचवट्याचा आकारही बिघडतो.

सेट मस्त सुटसुटीत आहे. २४ जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारे सेन्सर), लोखंडी प्लेट, ८ किलोचा हातोडा, तीन माणसं, बास. ना रिग ना पाण्याचा टँकर ना स्फोटकांची परवानगी. फक्त कोरडी वाळू आवाज गिळते, लांबच्या जिओफोनवर फर्स्ट ब्रेक (लहर पोचल्याची पहिली खूण) दिसायला दहा-पंधरा घाव स्टॅक करावे लागतात, म्हणजे त्यांची रेकॉर्ड एकत्र मिळवावी लागतात, आणि वारा सुटायच्या आत म्हणजे सकाळीच उरकायचं. जिओफोन नुसता वरच्या वाळूत खोचू नका, वीतभर उकरून खालची दाबलेली वाळू लागली की तिथे बसवा, रेकॉर्ड लगेच स्वच्छ येतो.

वैताग एकच, ट्रिगरची वायर, म्हणजे घाव पडताच रेकॉर्डिंग सुरू करणारी. दांड्यापाशी आतून तुटते, बाहेरून काही कळत नाही, कधी ट्रिगरच होत नाही तर कधी एका घावात दोनदा. तीन वायरी गेल्या, विकणाऱ्याकडून नवीन यायला महिना लागला, तोवर डाग देऊन, सायकलची ट्यूब गुंडाळून चालवलं.

पण खरी गोष्ट कंकराची, म्हणजे वाळूतल्या चुनखडीच्या कडक थराची. एका ठिकाणी सेटने भुसभुशीत थराचा तळ ११ मीटरवर सांगितला, ग्राफ इतका सरळ की शंकाच आली नाही. तिथेच ६० मीटरचं अपहोल (थरांचा वेग थेट मोजायला ड्रिल केलेलं भोक) झालं, तळापासून वर डेटोनेटर उडवत आलो आणि वेळ आणि खोलीचा (टाइम-डेप्थ) ग्राफ मांडला तर कंकराच्या खाली परत मऊ वाळू, खरा तळ २७ ला! वेगवान थराखालचा संथ थर रिफ्रॅक्शनला दिसतच नाही, हा दोष पद्धतीचाच आहे, कुठलाही सेट घेतला तरी राहणार. त्या दिवसापासून मी दर काही किलोमीटरला अपहोल मागतो आणि मधली जागा हातोड्याने भरतो, नुसत्या हातोड्यावर सही करत नाही.

घेणार असाल तर ट्रिगर वायरी चार जादा घ्या, आणि ड्रिलरला कंकर कुठे लागला ते त्याच दिवशी विचारून वहीत लिहा.