डिझेल पिकअपचे अकरा महिने: घाटात सोनं, एमआयडीसीच्या वाटेवर जाच

गेल्या दिवाळीत डिझेल पिकअप घेतली, आज मीटर १३,४०० वर आहे. घेतल्यापासून "डिझेल घेऊ का पेट्रोल?" असं विचारणारे इतके भेटले की प्रत्येकाला साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. कंपन्यांची नावं मुद्दाम घालत नाही, कारण निम्म्या चुका माझ्याच आहेत.

आधी वापर काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं सगळं निरर्थक आहे. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो आणि एमआयडीसीत नोकरी करतो. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. धाकट्या भावाचा जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा आहे, त्यात माझी निम्मी भागी. जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला, सगळं मिळून सव्वा टन. लग्नं, यात्रा, कासच्या रस्त्यावरची रिसॉर्ट. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडी शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून मैदानांच्या ऑर्डरीही वाढल्या.

याआधी हे सगळं बाराशे सीसीच्या छोट्या पेट्रोल गाडीवर चालायचं. ती अजून आहे, भाऊ किरकोळ कामाला वापरतो. त्यामुळे दोन्ही गाड्या एकाच दारात उभ्या आहेत आणि हिशोब ऐकीव नाही.

पहिल्यांदा कासला जाताना लागणारा यवतेश्वरचा घाट. पेट्रोल गाडीला मागे ट्रॉली लावली की पहिल्या वळणापासून फर्स्ट गिअर, इंजिन किंचाळतंय, मागे एसटीचा हॉर्न. वळणावर थांबावं लागलं तर परत उचलताना क्लचचा वास केबिनमध्ये. दोन वर्षांत दोन क्लच प्लेटा गेल्या. गाडीला दोष देणार नाही, तिच्या ऐपतीबाहेरचं ओझं आम्ही तिला जुंपलं होतं. डिझेल तोच घाट सेकंडमध्ये, तीही निवांत, चढते. कारण माहितीपुस्तकातच आहे: पेट्रोलचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास, तोही इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांजवळ गेल्यावर. डिझेलचा जवळजवळ दुप्पट आणि दीड हजार फेऱ्यांच्या आतच हातात. ओढायच्या कामात हॉर्सपॉवरचा आकडा बघू नका. खालून किती लवकर दम मिळतो ते बघा.

पण चढण्यापेक्षा उतरण्याने माझं मत बदललं. जुन्या गाडीचं स्वतःचं वजन टनाच्या आत, आणि मागे ब्रेक नसलेली सव्वा टनाची ट्रॉली. उतारावर कोण कोणाला नेतंय हेच कळायचं नाही. एकदा पसरणी घाटातून वाईला उतरताना वळणावर ट्रॉलीने मागून असा रेटा दिला की भाऊ खाली येईपर्यंत बोलला नाही. वाईत चहा घेताना एवढंच म्हणाला, "दादा, ही गाडी बदल." नवी पिकअप जुनीच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. ती ट्रॉलीला धरून ठेवते. म्हणजे पेट्रोल की डिझेल हा निम्मा प्रश्न आहे, उरलेला निम्मा वजनाचा. एवढ्या वजनाची निव्वळ पेट्रोलवरची पिकअप माझ्या बजेटात मिळाली असती तर कदाचित तीही चालली असती. सीएनजीचाही विचार केला होता, पण घाटात दम कमी पडतो आणि पंपावर रांगेत उभं राहायला वेळ नाही.

आता पैसे. रिकामी गाडी, शहरात: पेट्रोलला १४ चं ॲव्हरेज, डिझेलला साडेबारा. पेट्रोल १०४-१०५ रुपये आणि डिझेल ९१ धरलं तर दोघींचा खर्च किलोमीटरला साडेसात रुपयांच्या आसपासच. "डिझेल स्वस्त पडतं" म्हणून कामावर जायला पिकअप घेणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. ट्रॉली लावल्यावर मात्र चित्र पालटतं. पेट्रोल ७ वर येतं, म्हणजे किलोमीटरला पंधरा रुपये. डिझेल साडेदहा देतं, म्हणजे पावणेनऊ. वर्षाला आमचं ओढकाम सहा हजार किलोमीटरचं, वाचले साधारण ३७ हजार. दोन गाड्यांच्या किमतीत फरक चार लाखांचा. नुसत्या इंधनावर वसूल करायला दहा-अकरा वर्षं, आणि डिझेलचं ऑइल नि फिल्टर महाग, ते वेगळंच.

पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज अलीकडे थोडं घसरल्यासारखं वाटतंय. उसापासून बनणाऱ्या इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळलं की थोडा फरक पडणारच. आपल्याच जिल्ह्याचा ऊस, तक्रार तरी कोणाकडे करायची?

आता जाच. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी धरते आणि पुरेशी जमली की जाळून टाकते. जाळायला पाच-सहाशे अंश तापमान लागतं, म्हणजे गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं वेगात पळायला हवी. माझी वाट सात किलोमीटरची, त्यात पोवई नाक्याची गर्दी. इंजिन नीट तापायच्या आत मी कंपनीच्या गेटवर! पाचव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मी दुर्लक्ष केलं. दहा दिवसांनी गाडीने ताकद सोडली, चाळीसच्या पुढे जाईना. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कॉम्प्युटर लावून जाळी जाळून दिली, बिल केलं आणि वर ऐकवलं, "साहेब, तुम्ही गाडी चालवतच नाही." विकताना हे कोणी बोललं नव्हतं. आमच्या मिस्त्रींनी डिपस्टिक काढून दाखवली, ऑइल खुणेच्या वर! जाळणं अर्धवट राहिलं की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी झालेलं ऐकलं होतं, वाढलेलं पहिल्यांदा बघितलं. वेळेआधी बदलावं लागलं.

बाकीचं थोडक्यात. रिकामी असली की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) कमरेचा हिशोब घेतात, मी हौद्यात वाळूची चार पोती टाकून ठेवलीत. पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं चढावर घसरतात. वेग ऐंशीवर बांधलेला, हायवेला ट्रकच्या मागे राहायची सवय करून घ्या. पहाटेच्या शिफ्टला सुरू केली की शेजारच्या काकूंचा दिवा लागतो.

कामावर मी आता जुनी मोटारसायकल नेतो. पिकअप आठवडाभर दारात, ऑर्डर असली की बाहेर. आणि ऑर्डर नसलेल्या रविवारी मोकळी गाडी काढून हायवेने काशीळपर्यंत, गिअर एक खाली ठेवून, साठ-पासष्टच्या वेगाने. तिथून पाल जवळच, म्हणून आईला बरोबर घेतो. जाळीची काजळी जळते आणि खंडोबाचं दर्शन होतं. गेल्या रविवारी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागलाच नव्हता. मी म्हटलं, आज गरज नाही. आई भंडाऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन केबिनमध्ये आधीच बसली होती.