चांगलं कार्ड ‘डेड’ म्हणून नेलं आणि २०११ ची चिप गळ्यात मारली – पीसी बिल्ड करणाऱ्यांनी वाचा

ज्यांचं घरी जोडलेलं मशीन अडलंय आणि जे ग्रुपवर मदत मागताहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, जरा लांबेल पण पूर्ण वाचा. माझे साडेतीन हजार रुपये आणि एक धडधाकट ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १६५०, गेलं, आणि नेणारा कुणी अनोळखी कॉलर नव्हता, ज्या ग्रुपवर सगळे त्याला दादा म्हणायचे तिथलाच माणूस होता.

मशीन साधंच आहे. रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, १६५० आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ज्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलंय. सांगलीत सगळं एका जागी मिळत नाही म्हणून काही पार्ट इथले, काही पुण्याहून, काही ऑनलाइन. विंडोज मस्त, यूट्यूब मस्त, पण गेम लावला की थोड्या वेळाने स्क्रीन काळी आणि मशीन आपोआप रिस्टार्ट. विंडोजची एररची नोंदवही असते त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं तर दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही एरर.

ग्रुपवर टाकलं. पोरं खरंच चांगली आहेत, नाशिकचा एक, कोल्हापूरचे दोघं, एक जण तर जर्मनीतून रात्री उत्तरं देत होता. एक एक रॅम काढून बघ, सीमॉस क्लिअर कर, डीडीयूने ड्रायव्हर साफ करून परत टाक, मेमटेस्ट रात्रभर चालू ठेव. सगळं केलं, फरक शून्य. मग कोल्हापूरच्या एकाने लिहिलं, “एसएमपीएसच्या बाजूला स्टिकर असतं त्याचा फोटो टाक, १२ व्होल्टची लाइन दिसली पाहिजे.” आमचा स्टिकर कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, म्हणजे चार स्क्रू काढून अख्खा बाहेर घ्यायचा, म्हटलं रविवारी करू.

आणि त्याच्या आधीच डीएम, म्हणजे खाजगी मेसेज, आला. हा दादा ग्रुपवर जुना, त्याने पूर्वी खरोखर लोकांचे प्रॉब्लेम सोडवलेले मी वाचलेत, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. “भावा, पोरांचं ऐकत बसू नको, ४१ म्हणजे कार्डच. व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, गेलीय. अशी शंभर बघितलीत.” आता हे धादांत खोटं आहे बरं का. ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन बंद पडलं, लाइट गेली तरी तोच नंबर येतो. पण हे ग्रुपवर बोलला असता तर तिथल्या तिथे त्याला कुणीतरी अडवलं असतं, आणि त्याला डीएममध्ये यायचं होतं ते त्याचसाठी. चारचौघांत चुकीचा सल्ला दोन मिनिटं टिकत नाही. डीएममध्ये तुम्ही आणि तो, तिसरं कोणी नाही.

वॉरंटीचे थोडे महिने बाकी आहेत म्हटलं तर म्हणाला, कंपनीवाले फिजिकल डॅमेज दाखवून रिजेक्ट करतात, दीड-दोन महिने कार्ड अडकतं आणि तुझ्या प्रोसेसरला ऑनबोर्ड ग्राफिक्स नाही, तोपर्यंत मशीन बंद ठेवशील का? (३६०० ला ऑनबोर्ड नाही हे खरंय. यातच मेख आहे, चार खऱ्या गोष्टींत एक खोटी मिसळायची.) मग हळूच ऑफर. त्याच्याकडे जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी पडून आहे, जेमतेम वापरलेलं, ५५०० ला देतो, माझं ‘डेड’ कार्ड स्पेअरसाठी घेतो त्याचे २००० वजा, वर ३५०० यूपीआय कर. फोटो आला, दोन पंख्यांचं चकचकीत कार्ड. “व्हीजीए पोर्ट पण आहे, जुना मॉनिटर पण चालेल.” ते व्हीजीए वाक्य लक्षात ठेवा.

माझं कार्ड पोचलं, पैसे पोचले, मग त्याचं पार्सल निघालं. बॉक्सवर कंपनीचं नाव नाही, नुसतं १०५० टीआय एवढं मोठं. कार्डाला सहा पिनची पॉवर केबल लागत होती, विचारलं तर म्हणे गेमिंग एडिशन आहे. काही खऱ्या १०५० टीआयला सहा पिन असते त्यामुळे पटलं. लावलं, विंडोज चालू, नाव पण बरोबर दाखवलं. पण एनव्हीडियाचा नवा ड्रायव्हर काही केल्या इन्स्टॉल होईना. “माझ्या ड्राइव्हची लिंक देतो, त्यातलाच टाक, अपडेट करू नको.” तो टाकला. मग गेम लावला आणि आधी जे दहा-पंधरा मिनिटांनी व्हायचं ते लोडिंग स्क्रीनवरच झालं. त्याला सांगितलं तर आता विंडोज खराब! एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून तुमचं मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर) चालू कर, मी आतून सेट करून देतो, ८०० होतील.

इथे माझं डोकं फिरलं. एनीडेस्क काही दिलं नाही, ग्रुपवर कार्डाचे फोटो टाकले. जर्मनीवाल्याचं उत्तर आलं, “१०५० टीआयला व्हीजीए? व्हीजीए म्हणजे अ‍ॅनालॉग, आणि पास्कलमध्ये, म्हणजे १०५० टीआयच्या पिढीत, अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही. जीपीयू-झेड चालव आणि स्क्रीनशॉट दे.”

जीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, २०१८ पासून त्यात नकली एनव्हीडिया कार्ड ओळखायची सोय आहे. उघडलं तर कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ आणि शेजारी पिवळा त्रिकोण. क्युडा कोअर, म्हणजे चिपमधले गणित करणारे छोटे भाग, १९२, खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. म्हणजे कार्डाच्या बायोसमध्ये (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) नाव बदलून जुन्या चिपला नवा शर्ट घातलेला. तरी मन मानेना म्हणून पोरांनी सांगितल्याप्रमाणे मागचे चार स्क्रू काढून हीटसिंक उचलला. वाळून खडूसारखी झालेली पेस्ट कापसाने पुसत गेलो तशी चिपवरची अक्षरं वर आली, जीएफ११६. खऱ्यावर जीपी१०७ असतं. जीएफ११६ म्हणजे जीटीएक्स ५५० टीआयच्या काळातली चिप, २०११ ची! एनव्हीडियाने त्या पिढीला नवे गेमचे ड्रायव्हर देणं २०१८ लाच थांबवलं, म्हणून ती ‘माझ्याच ड्राइव्हमधला टाक’ची भानगड. आणि खरं १०५० टीआय ७५ वॅटचं, ५५० टीआय ११६ वॅटचं, म्हणून मशीन आणखी लवकर लोळत होतं.

आता मूळ प्रॉब्लेम. एसएमपीएस एकदाचा बाहेर काढला. स्टिकरवर ५०० वॅट, आणि खाली बारीक अक्षरात १२ व्होल्ट, १६ अँपिअर. गुणाकार करा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही चालतात या १२ व्होल्टवर, बाकीच्या व्होल्टेजचे आकडे नुसते बेरीज फुगवायला. त्यात स्वस्तातल्या एसएमपीएसचा १९२ तरी खरा असेल का देव जाणे. गेमचा लोड आला की तोच मान टाकत होता. चांगल्या कंपनीचा ५५० वॅट ब्राँझ एसएमपीएस घेतला, मित्राचं १६६० सुपर लावून संध्याकाळभर गेम चालवला, एकदाही रिस्टार्ट नाही. म्हणजे माझं १६५० ठणठणीत होतं.

दादाने मला ब्लॉक केलं, ग्रुप सोडला. अ‍ॅडमिनने विचारल्यावर अजून दोघं पुढे आले, एकाची अशीच ‘डेड’ म्हणून रॅम नेलेली, दुसऱ्याने एनीडेस्क पण दिलेलं होतं. लाजेपोटी गप्प बसले होते बिचारे.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. पैसे गेल्यावर लगेच केला तर समोरच्याच्या खात्यात रक्कम थांबवता येते, माझा बराच उशिरा होता, तरी तक्रार नोंदवून घेतली. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, कुरियरची पावती हे सगळं विचारतात, तेव्हा रागारागाने चॅट डिलीट करू नका.

आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट अशी की, १६५० चा बॉक्स माझ्याकडेच राहिला होता, त्यावर सीरियल नंबर. एका सेकंडहँड विक्रीच्या साइटवर सहज शोधत होतो तर ठाण्याच्या पत्त्यावर एक जाहिरात, फोटोत मागचं स्टिकर स्पष्ट, नंबर तोच. खाली लिहिलंय ‘एकदम मक्खन कंडिशन, सगळे गेम टेस्टेड, वॉरंटी बाकी’. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बॉक्सचा फोटो तक्रारीला जोडलाय. ग्राफिक कार्डबद्दल कुणाला न मागता असा डीएम आला असेल आणि व्यवहार झाला असेल तर अ‍ॅडमिनकडे स्क्रीनशॉट द्या, तिघांच्या तक्रारी एकत्र द्यायचं चाललंय, चौथा-पाचवा आला तर बरंच.