कोंबडीची पिसं झडली आणि दारात ‘डॉक्टर’ उभा राहिला

दसरा झाला की अंगणातल्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात, पिसं गाळायला लागतात, आणि नेमका तेव्हाच इंदूरच्या कॉलन्यांमधून एक ‘पोल्ट्री डॉक्टर’ मोटरसायकलवर फिरायला लागतो. आमच्याकडून तो पैसेही घेऊन गेला आणि दोन कडकनाथ जातीच्या काळ्या कोंबड्याही. सुदामानगरच्या बाजूला ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत, त्यांनी हे वाचाच.

आईकडे निम्म्या गावरान, निम्म्या झाबुआकडच्या कडकनाथ. ऑक्टोबरात अंडी बंद झाली. आधी मानेची पिसं गेली, मग पाठीची. रोज सकाळी झाडताना सुपलीभर निघायची. तेवढ्यात फाटकाशी हाक आली, “काकू, आहात का?” इंदुरात दारावरचा माणूस मराठीत बोलला की कडी आपोआप निघते, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

खुराड्यात डोकावून म्हणाला, “तुरा बघा, काळानिळा पडलाय. बर्ड फ्लू.” कडकनाथचा तुरा मुळात काळपटच असतो. आईने तसं म्हटलंही. “असतो काकू, पण एवढा नसतो.” मग डेली कॉलेजची गोष्ट काढली. 2020 संपता संपता तिथे कावळे मरून पडले होते आणि बर्ड फ्लू निघाला होता, ते इथे कोण विसरलंय? शेजारच्या वहिनी कुंपणापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या देखत ‘सगळ्या गल्लीत पसरेल’ म्हटल्यावर आई काय बोलणार! सगळ्यात बोडक्या झालेल्या दोन कडकनाथ त्याने ‘शास्त्रोक्त पुरायला’ पोत्यात घातल्या. उरलेल्यांसाठी बाराशे रुपयांची बाटली दिली, तीन महिन्यांचा कोर्स. संक्रांतीपर्यंत अंडी सुरू झाली नाहीत तर पैसे परत.

या गॅरंटीतच सगळी मेख आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक कोंबडी नेऊन दाखवली. तिथल्या डॉक्टरांनी मानेवर फुंकर मारली, तर खालून साळिंदराच्या काट्यांसारखी नव्या पिसांची टोकं वर आलेली. मुळाशी निळसर, कारण वाढत्या पिसात रक्त असतं. तिथे बोट लागलं की कोंबडी कळवळते, म्हणून या दिवसांत तिला उगाच उचलू नये. रोग वगैरे काही नव्हता. वर्ष-दीड वर्षाची झाली की कोंबडी दरवर्षी दिवस लहान होताना जुनी पिसं टाकते. पिसात सुमारे 85 टक्के प्रथिनं असतात. अंगातला सगळा साठा तिकडे वळतो आणि अंडी थांबतात. हे साधारण दोन-तीन महिने चालतं. म्हणजे बाटलीत पाणी असलं तरी कोर्स संपेपर्यंत कोंबडी नव्या पिसांनी भरणारच, आणि पुढेमागे अंडीही देणार. त्याचं श्रेय बाटलीला! आमच्या बाटलीवर ना कंपनी, ना बॅच नंबर, ना तारीख. वास चक्क गुळाच्या पाण्याचा.

त्यातही भरभरून अंडी द्यायला कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. डिसेंबरात इंदूरचा दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास. कडकनाथ तर एरवीही वर्षाला शंभराच्या आतबाहेरच अंडी देते.

बर्ड फ्लू असा सावकाश, मानेपासून शेपटीकडे क्रमाने पिसं गाळत येत नाही. पक्षी पटापट मरतात, तोंड सुजतं. संशय आला तर सरकारी पशुवैद्य नमुने घेतात, ते भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. खाजगी माणूस पोत्यात घालून कोंबड्या नेत नाही.

पिसं जायची दुसरी कारणंही असतात, ती आपली आपल्याला बघता येतात. रात्री टॉर्च घेऊन दांड्यांच्या फटी पाहा. लाल-करडे किडे दिसले तर ते रात्री रक्त पितात आणि दिवसा तिथे लपतात. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी. फक्त पाठ उघडी पडली असेल तर तो पाठीवर चढणाऱ्या कोंबड्याचा प्रताप. आणि खुडूक बसलेली कोंबडी छातीची पिसं स्वतःच उपटते, तिचीही अंडी बंद असतात.

पीसझडीत आम्ही एवढंच केलं, खाद्यात सोयाबीनची पेंड वाढवली. माळव्यात तिला काय तोटा! कच्चे सोयाबीन मात्र घालू नका, ते पचत नाहीत. शिंपल्यांची पूड वेगळ्या वाटीत ठेवली.

त्या माणसाचा फोन आता बंद लागतो. आमच्या दोन कडकनाथ कुठे विकल्या गेल्या असतील ते सांगायला नको, बाजारात त्यांना गावरानपेक्षा कितीतरी जास्त भाव आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे. मराठी बोलतो, डॉक्टरची बॅग बाळगतो, पावती मागितली की ‘कार्ड संपलं’ म्हणतो. तुमच्याकडे त्याची बाटली असेल तर फेकू नका, तक्रारीला जोडता येते. आणि कोंबडी खरंच आजारी वाटली तर 1962 ला फोन लावा, सरकारी पशुवैद्यकीय गाडी घरी येते.