नाना पेठेतला मीटरवाला आणि आमच्या बोटीचा उलटा काटा

आधीच सांगतो, दुकानाचं नाव विचारू नका, कारण पाटीवर नावच नाहीये. निळ्या पत्र्यावर 'सर्व प्रकारचे मीटर रिपेर' एवढंच रंगवलंय. नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांच्या रांगेत एक जिना आणि एक सीट कव्हरवाला यांच्या मधे जेमतेम सहा फुटाची जागा, आत भिंतभर चेतक, प्रिया, फियाट, जुन्या जीपा आणि ट्रॅक्टरचे मीटर टांगलेत, आणि त्या सगळ्यात मी शिडाच्या बोटीचा डिझेल मीटर घेऊन गेलो होतो.

हो, पुण्यात राहून बोट. हसून घ्या. आम्ही चौघांनी मिळून सत्तावीस फुटी जुनी फायबरची बोट घेतलीय, मांडव्याला असते, पावसाळ्यात वर काढून ठेवतो. बोट शिडाची असली तरी पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, वारा पडला की तेच घरी आणतं. आता मीटरचं रामायण. मूळचा डिझेल मीटर कायम फुल दाखवायचा, टाकी रिकामी असली तरी फुल. आम्ही म्हटलं मीटर गेला, ऑनलाइन ४८०० रुपयांचा चकचकीत नवीन मागवला, बसवताना शहाण्यासारख्या टाकीवरच्या वायरी पण घासून घट्ट केल्या. टाकी तेव्हा साधारण अर्धी होती, काटा पण अर्ध्याच्या किंचित वर थांबला, आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

मग दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि काटा हळूहळू वर चढायला लागला. पाऊण. मग पाऊणच्या पुढे. डिझेल भरलेलंच नाही तरी! आमच्यातला एक इंजिनिअर म्हणाला बोट कलते ना, टाकीतलं डिझेल एका बाजूला जातं म्हणून होतं तसं, आणि आम्हाला पटलं पण, कारण शिडावर बोट कलली की काटा हलतो हे खरंच आहे. शेवटी एका रविवारी रेवसच्या बाजूने येताना वारा मेला, इंजिन चालू केलं, पंधरा मिनिटात खोकून बंद. काटा फुलच्या पुढे जाऊन पिनला टेकलेला. टाकी ठणठणीत कोरडी. आणि डिझेल इंजिन कोरडं पडलं की नुसतं कॅनमधून ओतून भागत नाही, लाइनमधे हवा शिरते, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बुडबुडे संपेपर्यंत हवा काढावी लागते, आणि हे सगळं ओहोटीत बाजूला वाहत जाणाऱ्या बोटीत उलटं लटकून. असो.

तर नवा मीटर, बिस्किटाच्या डब्यात ठेवलेला जुना मीटर आणि टाकीतून काढलेला फ्लोट (डिझेलवर तरंगून पातळी मीटरला कळवणारी दांडी, बाजारात याला टँक युनिट म्हणतात) असं सगळं गाडीत टाकून पुण्याला आणलं. फ्लोट दोन पिशव्यांत गुंडाळला होता तरी गाडीला आठवडाभर डिझेलचा वास येत होता, बायको अजून बोलते.

काका साठी-पासष्टीचे. मी नवा मीटर पुढे करून म्हटलं, काका हा बिघडलाय. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "फ्लोट आणलाय का? मग तो द्या आधी. लोक मीटर घेऊन येतात आणि रोग टाकीत असतो." मल्टिमीटर लावला, दांडी बोटाने खाली केली, १०-१२ ओहम (ओहम म्हणजे विजेच्या अडथळ्याचं माप). हळूहळू वर नेली, आकडा वाढत वाढत १८० च्या आसपास गेला, मधे कुठे तुटला नाही. मग नवा मीटर बॅटरीला जोडला आणि एका फळीवर बसवलेला, ट्रान्झिस्टरच्या आवाजाच्या बटणासारखा, ओहम कमी-जास्त करणारा एक नॉब होता तो फिरवला. २४० ला काटा रिकाम्यावर, ३३ ला फुलवर. माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, तुमचा फ्लोट युरोपचा आणि मीटर अमेरिकेचा. हा उलटा वाचतोय."

म्हणजे बघा, युरोपियन पद्धतीत टाकी रिकामी असताना साधारण १० ओहम आणि भरलेली असताना १८०, अमेरिकन पद्धतीत रिकामी २४० आणि फुल ३३, दिशाच उलट. गंमत ही की अर्ध्याला युरोपियन ९० च्या आसपास आणि अमेरिकन १०३, म्हणजे अर्ध्यावर दोघांचं जवळजवळ जमतं! आम्ही बसवला तेव्हा टाकी अर्धी होती. घात तिथेच झाला. विकणाऱ्याने पानावर ओहमचा आकडा कुठेच दिला नव्हता, मेसेज केला तर "ऑल बोट सूटेबल" असं उत्तर आलं होतं, त्यावर मी पैसे भरले, माझीच अक्कल.

आणि आता कडेलोट. काकांनी जुना मीटर डब्यातून काढून जोडला तर तो चालू. युरोपियन मीटरची वायर तुटली किंवा टाकीचं अर्थिंग गेलं की काटा सरळ फुलला जाऊन बसतो (अमेरिकनचा रिकाम्यावर पडतो), म्हणजे मूळ दुखणं मीटरचं नव्हतंच, टाकीवरची अर्थिंगची वायर खाऱ्या हवेने हिरवी पडली होती. ती आम्ही नवा मीटर बसवताना घासली. रोग बरा केला आणि त्याच दिवशी धडधाकट मीटर काढून टाकला.

जुन्याची काच आतून धुरकटली होती, काटा जरा अडखळायचा. त्याची कडेची रिंग दाबून बसवलेली असते, काकांनी चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती केसभर केसभर उचलत पूर्ण गोल फिरवली, दहा मिनिटं गेली असतील, एक ओरखडा नाही. डायलचा रंग फुगून काट्याला घासत होता, तो ब्लेडच्या टोकाने खरवडला. हे बघायला मी उभाच राहिलो, चहा पण त्यांनीच मागवला.

पॅनलवरचा अँपिअर मीटर पण दाखवला. तो मात्र त्यांनी सरळ काढा म्हटलं. जुन्या जीपांसारखंच, आल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) सगळा करंट इंजिनापासून स्टिअरिंगपर्यंत लांब वायरीतून जातो, त्या मीटरमधून फिरून परत खाली येतो, एक नट सैल झाला की तिथेच तापतं. त्याच ५२ मिलिमीटरच्या भोकात व्होल्टमीटर बसतो, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसला म्हणजे चार्जिंग आहे, आणखी काय पाहिजे. बसवला.

आता तक्रारी, कारण पाचपैकी चारच स्टार देतोय. बुधवार सांगितला, मिळाला पुढच्या सोमवारी, तीन हेलपाटे, कोथरूडहून नाना पेठ म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. बिल नाही, यूपीआय आहे. मोठी गोष्ट म्हणजे काच परत बसवताना साधं सिलिकॉन लावलं होतं, घरी डबा उघडला तर भक्कन व्हिनेगरचा वास. ते सिलिकॉन सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं, आतल्या तांब्याला गंज आणतं, बंद मीटरमधे तर नकोच. परत गेलो तर काका जरा फुगले, "चाळीस वर्षं हेच लावतोय." म्हटलं, काका, तुमच्या फियाटला समुद्र नव्हता. मग पुतण्याने बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन आणलं आणि दुसऱ्यांदा केलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. वायरिंग पण त्यांच्याकडून करून घेऊ नका, साधी तांब्याची वायर देतात, बोटीला कल्हई केलेली टिन्ड वायरच पाहिजे, लग क्रिंप करून वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब, ते आम्ही आमचं केलं.

आरपीएम मीटर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा) त्यांनी हातातच घेतला नाही. "तो आल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवर चालतो, इंजिन नाही तर मी काय लावू?" बरोबर बोलले. आम्ही आल्टरनेटर बदलला होता, पुलीचा साइझ बदलला की आकडा चुकतो. पुलीला चमकणारी पट्टी चिकटवून लायटीचा टॅकोमीटर धरला आणि मागचा स्क्रू फिरवून जुळवला, अर्ध्या तासाचं काम.

मीटर रिपेर ६५०, व्होल्टमीटर ९०० मजुरीसकट. जायचं असेल तर मीटरबरोबर फ्लोट न्याच, गाडी लांब लावा आणि चालत जा, सकाळी गेलात तर काका मोकळे असतात.

परत बसवल्यावर टाकी रिकामी करून पाच-पाच लिटरचा कॅन ओतत काटा कुठे येतो ते लिहून काढलं. आमची टाकी खाली निमुळती, ६० लिटरची, तर काटा अर्ध्यावर असताना आत फक्त २२ लिटर, पावावर ८. कागद लॅमिनेट करून पॅनलशेजारी चिकटवलाय. तो आधीचा इंजिनिअर मात्र अजूनही निघायच्या आधी टाकीत लाकडाची पट्टी बुडवून बघतो, काट्याकडे ढुंकूनही बघत नाही.