तिरकी रेघ का थरथरते? स्वस्तातल्या टू-इन-वनवर चित्रं काढून पाहिल्यावर

सर्व्हिस सेंटरने पॅनल (म्हणजे स्क्रीन) बदलून लॅपटॉप परत दिला आणि पेनाने ओढलेली तिरकी रेघ अजून थरथरतेच आहे, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. मॉडेलचं नाव घेत नाही. या किमतीतल्या बहुतेक टू-इन-वनची, म्हणजे स्क्रीन उलटा फिरवला की टॅब्लेट होणाऱ्या लॅपटॉपची, जातकुळी एकच. चौदा इंची टच, इंटेलचा आय५ १२३५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, पूर्ण उलटा फिरणारा स्क्रीन, एमपीपी (मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचं) पेन, घेतला तेव्हा साठ हजारांच्या आत. एवढ्याच पैशांत साधा लॅपटॉप आणि वेगळा पेन-डिस्प्ले (पेनाने थेट चित्र काढायचा स्क्रीन) बसला असता, पण पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो मांडायला टेबलच मावत नाही. गादीवर बसून मांडीवर पाट घेऊन काम करणाऱ्याला हेच सोयीचं.

पोटापाण्यासाठी लग्नपत्रिका आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं, मधल्या वेळात घाटावरची स्केचेस, असं माझं काम. दुखणं उघडं पडलं ते स्केचेसमध्ये. गोदाघाटावर सरळ आडवं असं फार थोडं दिसतं. पायऱ्या कोनात उतरतात, नारोशंकराच्या देवळाचं शिखर वर निमुळतं होत जातं, दुतोंड्या मारुतीपाशी उभं राहून पलीकडे पाहिलं तर सगळा काठच तिरका. आणि सावकाश ओढलेली तिरकी रेघ हीच या पेनाला झेपत नाही.

पत्रिकेतल्या वेलबुट्ट्या काढताना हे कळत नाही, हात भरभर चालतो. खात्री करायची तर स्क्रीनवर प्लास्टिकची पट्टी ठेवा, बारीक ब्रश घ्या आणि ४५ अंशांत अगदी हळू रेघ ओढा. पट्टीला टेकून ओढलेली रेघ, म्हणजे हाताला दोष द्यायची सोय नाही. तरी तिच्यात लाटा येतात, आणि त्या ठरावीक अंतरावर येतात. बोटाचा स्पर्श ओळखायला काचेत जी उभ्या-आडव्या तारांची जाळी असते, तीच पेनाची जागाही ओळखते. पेन दोन तारांच्या मधे असलं की नेमकी जागा हिशेबाने काढावी लागते, तो हिशेब जाळीच्या प्रत्येक घरात जरासा चुकतो, आणि तिरकी रेघ तर एकामागून एक घरं ओलांडतच जाते. वॅकॉम या पेन-टॅब्लेटवाल्या कंपनीच्या ईएमआर पद्धतीत पेनासाठी वेगळा सेन्सर स्क्रीनच्या मागे असतो, पेनात सेलही लागत नाही, आणि हा प्रकार खूपच कमी दिसतो. तसा लॅपटॉप माझ्या बजेटात नव्हता. खोक्यावर मात्र ४०९६ प्रेशर लेव्हल असं मोठ्या अक्षरांत छापलंय. प्रेशरने रेघ जाड-बारीक होते, सरळ होत नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं वाक्य ऐकलं ते हे: "ताई, तुमचा हात हलतोय." पर्समधून पट्टी काढून काउंटरवरच रेघ ओढून दाखवली. मग गाडी दुसऱ्या रुळावर. "तुम्ही हा खोललाय. रॅम टाकलीय. वॉरंटीत बसणार नाही." फोनवर त्यांच्याच कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून रॅम बदलायचं पान पुढे केलं. त्यावर साहेब आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि पॅनल मागवतो म्हणाले. नवीन पॅनलवर काउंटरवर रेघ बरी आली होती. घरी आणून कामाला बसले तर पुन्हा तेच.

रॅमचं सांगते, कारण या सगळ्यात वसूल झालेला खर्च तेवढाच. ए४ पान ३०० डीपीआयला घेतलं तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक भरलेला लेयर (थर) साधारण ३५ एमबी खातो. पत्रिकेत चाळीस लेयर सहज होतात, त्यात अनडूचा साठा, आणि विंडोजने स्वतःचा वाटा आधीच घेतलेला. मी वापरते ते चित्रांचं सॉफ्टवेअर, क्रिटा, फुकट आहे म्हणून हलकं असेल असं समजू नका. ८ जीबीवर मोठा ब्रश फिरवला की रंग हाताच्या मागून यायचा. आत रॅमचे दोन स्लॉट होते आणि कंपनीने एकच कांडी बसवली होती. एम. जी. रोडवरून ८ जीबीची डीडीआर४ ३२०० कांडी दोन हजारांच्या आत आणली (नंतर रॅमचे भाव भडकले, ते वेगळं). मागचे स्क्रू काढून जुन्या एटीएम कार्डाने कडेचे लॉक सोडवले, आधी बॅटरीची केबल काढली, मग कांडी तिरकी घालून खाली दाबली. जागा दुप्पट होईल एवढीच अपेक्षा होती. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये आजवर "यूएचडी ग्राफिक्स" दिसायचं, तिथे आता "आयरिस एक्सई" आलं! इंटेलचा हा ग्राफिक्स एकाच कांडीवर आयरिस म्हणवून घेत नाही, दोन्ही चॅनल (रॅमचे दोन्ही मार्ग) भरले की मगच. पान फिरवणं, झूम करणं, सगळं एका दिवसात सुधारलं. म्हणजे विकताना खोक्यावर आयरिसचं स्टिकर आणि आत कांडी एकच. याला काय म्हणायचं?

इथपर्यंतचं मागच्या महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "चित्रांसाठी घेऊ नका" असं ठणकावलं होतं. ती ओळ काढून टाकली.

पंखा दुरुस्त करायला वायरमनदादा आले होते. मी चार्जर लावून काम करत बसले होते आणि बोलता बोलता म्हटलं, याच्या पत्र्याला हात लागला की बारीक मुंग्या येतात. त्यांनी पंखा सोडून आधी बोर्ड उघडला. बल्बचा होल्डर फेज-न्यूट्रलला लावला, पेटला. फेज-अर्थला लावला, नाही पेटला. जुन्या वाड्याचं वायरिंग, तिसऱ्या पिनेमागे वायरच नाही. चार्जरच्या फिल्टरमधून थोडा करंट गळतो. अर्थिंग असलं तर तो तिकडे निघून जातो, नसलं तर लॅपटॉपच्या बॉडीवर बसतो आणि त्या काचेतल्या जाळीच्या सिग्नलमध्ये गोंधळ घालतो. लगेच चार्जर काढून पट्टी ठेवली. लाटा निम्म्याहून कमी. काउंटरवर रेघ बरी का आली होती तेही तेव्हा उमगलं. तिथे लॅपटॉप बॅटरीवर होता. पॅनल मागवणाऱ्या माणसाने "घरी चार्जर लावून काढता का?" एवढं विचारलं असतं तर माझे हेलपाटे आणि कंपनीचा पॅनल दोन्ही वाचले असते.

घरमालककाका म्हणाले, "इतकी वर्षं चाललंच की." शेवटी अर्धे पैसे मी घातले आणि अर्थिंग करून घेतलं. तुमच्याकडे तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावलेला असेल तर आधी तो कन्व्हर्टर काढा, मग पेनाला शिव्या द्या.

उरलेल्या लाटा पेनाच्याच आहेत, त्या जात नाहीत. शिखराच्या कडांसाठी क्रिटाचा स्टॅबिलायझर (रेघेची थरथर सावरणारी सोय) लावते. रेघ हाताच्या मागे राहते, पण सरळ येते. लांब पायऱ्यांसाठी क्रिटातल्याच असिस्टंटची पट्टी स्क्रीनवर मांडून रेघ तिला स्नॅप करते, म्हणजे पट्टीला धरून चालवते. पेन टेकवून ठेवलं की राइट-क्लिकचं वर्तुळ उमटतं, ते विंडोजच्या पेन सेटिंगमध्ये बंद करा. स्क्रीनचे रंग फिके, पत्रिकेतला केशरी प्रेसवाल्याकडे प्रूफ काढल्याशिवाय कळत नाही. उन्हात घाटावर नेऊन उपयोग नाही, काचेत आपलंच तोंड दिसतं. तिथे मी वहीच नेते.

पेनाचा सेल एएएए, ट्रिपल ए पेक्षाही बारीक. रविवार कारंजापासून मेनरोडपर्यंत विचारलं, सगळे ट्रिपल एच पुढे करतात. ऑनलाइन मिळतो, पण भाव ऐकून पोटात गोळा येतो. काही ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटऱ्यांच्या आत असेच सहा बारीक सेल असतात. जपून सोडवायचे, शॉर्ट होऊ द्यायचे नाहीत, प्लस-मायनस नीट बघायचं, आणि लांबीला किंचित कमी पडतात म्हणून टोकाला फॉइलची घडी द्यायची. प्रत्येक ब्रँडच्या आत सेल निघतीलच असं नाही, काहींत चपट्या थप्प्या असतात. माझं पेन सध्या अशाच एका सेलवर चालू आहे.

वॉरंटी संपत आली तसे वाढीव वॉरंटीसाठी फोन सुरू झालेत. त्यात पेन येतं का, असं विचारलं. येत नाही म्हणे. मग नको म्हटलं.