कबरीवरची शिला : मिरजेतील एका कारागिराचे दुकान

मिरजेच्या जुन्या भागात दगडावर अक्षरे कोरून देणारे एक लहानसे दुकान आहे. आईच्या कबरीसाठी आम्ही तिथे काळ्या ग्रॅनाइटची शिला करून घेतली. कामाची सफाई, व्यवहारातला चोखपणा आणि कारागिराची समज पाहता सांगली-मिरज परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांना हे दुकान मी निःसंकोच सुचवेन.

हल्ली बहुतेक ठिकाणी मजकूर संगणकावर बसवून यंत्राने कोरतात आणि त्यात जोडाक्षरांचे हाल होतात. येथे कारागीर मजकूर आधी कागदावर हाताने रेखाटतात, तो घरी नेऊन तपासू देतात आणि मगच छिन्नी हाती घेतात. आमच्या शिलेवरील ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ या शब्दांतील उकार आणि वेलांट्या बोटाने चाचपून पाहिल्या, तरी कुठे टवका उडालेला लागत नाही.

मजुरी अक्षरामागे असल्यामुळे मजकूर जितका लांब तितकी त्यांची कमाई अधिक. तरीही तो कमी करण्याचा सल्ला त्यांनीच दिला. आम्ही लिहून नेलेल्या कागदावर शिक्षण, नोकरीची वर्षे, नातवंडांची नावे आणि वर एक कविताही होती. तो वाचून ते म्हणाले, “ताई, एवढं सगळं बसवायचं तर अक्षर बारीक करावं लागंल. चार पावसाळ्यांत शेवाळ धरलं की काहीच वाचता यायचं नाही. आईंचं काय राहिलं पाहिजे, ते घरी बसून ठरवा.”

ते स्वतः ख्रिस्ती नाहीत, पण त्यांच्या या व्यवहारी बोलण्याने आम्ही बायबलमधील स्तोत्र 90 उघडून बसलो. मोशेच्या नावावर असलेल्या त्या प्रार्थनेत आयुष्याची मर्यादा सत्तर, फार तर ऐंशी वर्षे सांगितली आहे आणि आपले दिवस गणायला शिकव, अशी देवाला विनवणी आहे. याकोबाच्या पत्रात, पुढच्या वर्षभराच्या व्यापाराचे बेत ठामपणे बोलून दाखवणाऱ्यांना, तुम्ही क्षणभर दिसून नाहीशी होणारी वाफ आहात, असे बजावले आहे. मात्र आयुष्य थोडे म्हणून ते निरर्थक, असे आपली श्रद्धा मानत नाही; धन्याने सोपवलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टान्त ज्याने मनापासून ऐकला आहे, त्याला आपल्या दिवसांचाही हिशेब द्यायचा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभारले त्या मिरजेत तर या शिकवणीचे रूप डोळ्यांसमोर आहे. आई परिचारिका होती, आणि निवृत्तीनंतरही अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्यांची अंगे पुसून द्यायला ती न चुकता जात असे. अखेर आम्ही तिचे नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, ‘परिचारिका’ हा एक शब्द आणि इफिसकरांस पत्रातील वेळेचा सदुपयोग करण्याविषयीचे वचन एवढेच ठेवले.

दुकानात भिंतीला टेकवलेली एक शिला होती. एका वृद्ध गृहस्थांनी ती हयातीतच करवून घेतली असून मृत्यूच्या सालाची जागा कोरी सोडली आहे. काहींना हे अशुभ वाटेल. मला मात्र त्या गृहस्थांविषयी आदर वाटला, कारण ती कोरी जागा ठाऊक असलेल्या माणसाला आजचा दिवस सहजासहजी वाया घालवता येत नसेल.

उणिवाही सांगायला हव्यात. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. शिला बसवून देण्याचे काम ते घेत नाहीत, त्यामुळे गवंडी आपल्यालाच पाहावा लागतो. अक्षरांत सोनेरी रंग भरण्याचा आग्रह धरू नये, तो उन्हाने लवकर उडतो. पांढरा टिकतो, असे त्यांनीच सांगितले. शिलेच्या मापाविषयी आपल्या चर्चच्या कमिटीला आधी विचारून घ्यावे आणि वचन पवित्र शास्त्रातून अक्षरशः उतरवून द्यावे. हाताचे काम असल्याने वेळ लागतो. शिला पावसाळ्यापूर्वी बसवायची असेल, तर ईस्टरच्या सुमारासच सांगून ठेवावे.