फेनिक्सवर काचेची भेग: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत रिॲक्टरच्या आतलं दिसावं म्हणून जाड बोरोसिलिकेट काच बसवतात, साईट ग्लास. ती तापलेली असताना गार पाणी पडलं तर भेग कुठून सुटेल, कुठवर जाईल, हे काढायला मी पावसाळ्यापासून फेनिक्स (FEniCS) वापरतोय. वस्तूचे छोटे तुकडे पाडून भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवणारं हे सॉफ्टवेअर मोफत आणि ओपन सोर्स आहे. समीकरण वहीत लिहितो जवळपास तसंच पायथॉनमध्ये लिहायचं; मेश, म्हणजे त्या तुकड्यांची (एलिमेंटची) जाळी, जीमेशमध्ये, चित्रं पॅराव्ह्यूत.

पद्धत फेज-फील्डची: भेग म्हणजे धारदार रेषा न धरता ‘डॅमेज’चा (मटेरियल किती तुटलंय त्याच्या आकड्याचा) अरुंद पट्टा धरायचा. नवा पृष्ठभाग तयार होण्याइतकी ऊर्जा सुटली तरच भेग वाढते, हे ग्रिफिथने 1921 मध्ये मांडलं, तेही काचेवर प्रयोग करून. फ्रांकफोर आणि मारिगो यांनी 1998 मध्ये त्याला किमान ऊर्जेच्या गणिताचं रूप दिलं. त्यामुळे भेगेचा मार्ग आधी आखून द्यावा लागत नाही. गार झालेल्या कडेवर समांतर भेगा आपोआप उमटतात, काही तिथेच थांबतात, काही आत शिरतात. हे पडद्यावर बघताना मला अजूनही भारी वाटतं.

पण सगळी मदार ‘एल’ या लांबीवर आहे. भेग जेवढ्या रुंदीत पसरवून दाखवतात, ती ही लांबी. अनेक जण ती मेशच्या सोयीने ठरवतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण मटेरियल किती ताणावर फुटेल हे तीच ठरवते. एटी-1 या फेज-फील्डच्या एका प्रचलित मॉडेलमध्ये एल = 3·ई·जी / (8·सिग्मा²); ई म्हणजे मटेरियलचा ताठरपणा, जी म्हणजे फ्रॅक्चर एनर्जी (नवा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा), सिग्मा म्हणजे ताकद. या काचेचा ई साधारण 63 गिगापास्कल, फ्रॅक्चर एनर्जी चौरस मीटरला 9 ज्यूलच्या आसपास, ताकद 40 मेगापास्कल धरली, तर एल येते 0.13 मिलिमीटर. तिच्यात चार तरी एलिमेंट हवेत, म्हणजे मेश 0.03 मिलिमीटरची! शिवाय काचेची ताकद पृष्ठभागावरच्या ओरखड्यांवर अवलंबून असते, म्हणून दोन-तीन आकडे धरून रन करावेच. काँक्रीटमध्ये अडचण उलटी: ई 30 गिगापास्कल, एनर्जी 100 ज्यूल, ताकद 3 मेगापास्कल घेतली की एल 12 सेंटिमीटरच्या वर जाते. एवढ्या रुंद भेगेचं बीममध्ये काय करणार? तिथे कोहेसिव्ह प्रकारचं मॉडेलच घ्यावं, ज्यात ताकद ‘एल’वर अवलंबून नसते.

दुसरं, ऊर्जेची ताण-दाब फोड (ताणाची ऊर्जा आणि दाबाची ऊर्जा वेगळी करून फक्त ताणाच्या ऊर्जेने भेग वाढू देणं) घातल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नका. नाहीतर गॅस्केटखाली, जिथे काच नुसती दाबली जातेय, तिथेही डॅमेज दिसतं. डॅमेज मागे फिरू नये ही अटही आपणच घालायची. पेटएससी (PETSc) या गणिती लायब्ररीचा बंधनं पाळणारा सॉल्व्हर ते नीट सांभाळतो.

वेगाबद्दल तक्रार आहे. भेग एकदम धावते त्या पायरीवर विस्थापन आणि डॅमेज आळीपाळीने सोडवणारं चक्र शेकड्यांनी फिरतं. त्यामुळे छेद घेऊन टूडीत काम उत्तम होतं, पण पूर्ण काच थ्रीडीत आमच्या वर्कस्टेशनला झेपत नाही. तिथे मी अजून साधा थर्मल स्ट्रेसच काढतो आणि सर्वाधिक ताणाच्या जागेचा छोटा तुकडा फेनिक्सला देतो.